डावा हात वर करा

दातांच्या डॉक्टरला एक सुख असतं. ते कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून मी दाखवते. आमचा पेशंट बोलत नाही. इतर डॉक्टरांना पेशंटची साग्रसंगीत हकिकत ऐकावी लागते, त्याच्या मेहुणीच्या पोटदुखीपासून त्याच्या साहेबाच्या स्वभावापर्यंत. माझ्यासमोर बसलेल्याचं तोंड उघडं, आणि त्यात कापूस, आरसा आणि माझी दोन बोटं. माणूस कितीही मोठा वक्ता असो, खुर्चीत बसला की त्याच्याकडे फक्त हात आणि डोळे उरतात.

कल्याणच्या बाजारपेठेत एका किराणा दुकानाच्या माडीवर मी दवाखाना थाटला, तेव्हा स्वातंत्र्याची नवलाई अजून ओसरायची होती. बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची, एवढं लोकांना ठाऊक होतं. दात काढणारी बाई त्यांच्या पचनी पडायला वेळ लागला. जिना चढून आलेला माणूस मला बघून विचारायचा, "डॉक्टर कुठे गेलेत?" मी म्हणायची, "हात धुवायला." मग आत जाऊन हात धुऊन यायची आणि खुर्चीकडे बोट दाखवायची. बरेचसे बसायचे. काही जण छत्री विसरून पळायचे.

यंत्रसामग्री म्हणाल तर दात कोरायचं यंत्र पायाने हाकावं लागे, शिवणाच्या मशीनसारखं. माझे यजमान ठाकुर्लीच्या वीजघरात कामाला होते. "मी आगगाड्या चालतील एवढी वीज करतो आणि माझी बायको पायडल मारते," असं ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत. सुया आणि पकडी उकळायला एक स्टोव्ह, लवंगेच्या तेलाची बाटली, बधिर करायचं औषध, आणि गुळण्या टाकायला पितळेचं तस्त. एवढ्यावर मी कित्येक वर्षं कल्याणच्या दाढा काढल्या. त्यांतली एकही दाढ चुकीची काढली नाही, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

पेशंटला बसवता बसवता मी एकच वाक्य सांगायची, "दुखलं की डावा हात वर करा, मी थांबते." डावाच का, तर मी उजव्या अंगाला उभी असायची आणि उजवा हात वर आला की थेट माझ्या कोपराला धडकायचा. दाढ अर्धी निघालेली असली तरी हात वर झाला की मी थांबायची. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिथे शिकवलं होतं ते उलटंच: पेशंटचे हात धरून ठेवायला जवळ एक दांडगा माणूस असावा. मला ते कधी पटलं नाही. ज्याचं तोंड मी आधीच अडवलं आहे त्याचे हातही धरले, तर त्याने सांगायचं कशाने?

पण नियम मी केला म्हणून तो समोरच्याला उमजतोच असं नाही. कल्याण स्टेशनातले एक गार्ड अक्कलदाढ काढायला आले होते. मध्येच त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर ताठ उभे केले. मला वाटलं, गृहस्थ नाटकी आहेत. "एक पुरे, गार्डसाहेब," म्हणून मी काम चालूच ठेवलं. गुळण्या करून झाल्यावर ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, दोन्ही हात वर म्हणजे धोका. अहो, इंजिन थांबतं, तुम्ही थांबत नाही!" मी त्यांची माफी मागितली आणि त्यानंतर रेल्वेचा माणूस आला की एक हात आणि दोन हात, दोन्हींचा अर्थ आधीच ठरवून घेऊ लागले.

याच्या अगदी उलट होते कळव्याकडच्या मिठागरावरचे पोशाकाका. मिठाच्या पाण्याने तळहात चिरलेले, अंगाने भिंतीसारखे. दाढ निघेपर्यंत त्यांनी बोटसुद्धा हलवलं नाही. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या. मी रागावले, "काका, हात का नाही वर केलात?" ते म्हणाले, "बाय, हात वर केला आस्ता तं तू थांबली आस्तीस. मंग परत चालू. त्यापरास येकदाचा झालेला बरा."

तर सांगायचं काय, की हातांचं बोलणं वाचायची मला सवय झाली होती. त्या बोलण्याची हद्दही मला ठाऊक होती. मूकबधिर मंडळी हातांनी सगळं बोलतात, ती पुरती भाषाच आहे, तिच्याबद्दल मी बोलत नाही. पण तोंड अडलेल्या माणसाचे हात फक्त आत्ताचं सांगतात. थांब, दुखतंय, नको, पाणी दे. काल रात्रभर झोप नव्हती, उद्या मुलीला बघायला पाहुणे यायचेत, हे सांगायला तोंडातला कापूसच काढावा लागतो. निदान माझं तरी तसं पक्कं मत होतं.

त्या मताची परीक्षा घ्यायला एका हिवाळ्यात कल्याणात सर्कस आली.

सर्कसमध्ये वाघ होते, हत्ती होते, पण सगळी गर्दी चंपाला बघायला. चंपा म्हणजे सहा-सात वर्षांची चिंपांझी मादी. जाहिरातीत तिला 'आफ्रिकेची राजकन्या' म्हटलं होतं आणि अंगात परकर-पोलकं घातलं होतं. ती तीनचाकी सायकल चालवायची, कपबशीतून चहा प्यायची आणि शेवटी प्रेक्षकांना वाकून नमस्कार करायची. त्या नमस्काराने लोक वेडे झाले. मारुतीच्या नात्यातलीच ही, असं कुणीतरी म्हटलं आणि दर शनिवारी सकाळी तंबूमागे तिच्या दर्शनाला रांग लागू लागली. पेढे, गूळ-खोबरं, लाडू. चंपा हात जोडायची, पुढ्यात पडेल ते तोंडात टाकायची. हे ऐकलं तेव्हाच माझ्या मनात आलं की हिच्या दातांचं काही खरं नाही. पण ती काळजी माझी नव्हती.

एका दुपारी दवाखान्यात एक लंगडत चालणारी, नऊवारी नेसलेली बाई आली आणि न सांगता खुर्चीत बसली. हौसाबाई तिचं नाव. तासगावकडची. पूर्वी तारेवर चालायची, एकदा पडली आणि पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून चंपाला सांभाळायचं काम तिच्याकडे होतं.

"कुठला दात?" मी विचारलं.

"दात माजा न्हाई. पोरीचा हाय."

"मग पोरीला घेऊन या."

"पोरगी पिंजऱ्यात हाय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चंपा तीन-चार दिवस धड खात नव्हती. खेळात नमस्कार करायचं तिने सोडून दिलं होतं. आणि आदल्या दिवशी, भर खेळात, ती विदूषकाच्या दंडाला कडकडून चावली. पहिल्या रांगेतल्या बायका किंचाळत उठल्या. मालकाने ठरवून टाकलं, चावरं जनावर तंबूत नको, परवाना जाईल. शीळफाट्याकडे बंदूक बाळगणारा एक शिकारी होता, त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलावणं गेलं होतं. जनावरांचे सरकारी डॉक्टर मुरबाडकडे दौऱ्यावर होते आणि ते परत येईपर्यंत थांबायला मालक तयार नव्हता.

"पण दातच दुखतोय हे तुम्हाला कसं कळलं?"

"तिनं सांगितलं की."

"सांगितलं म्हणजे?"

"ती माज्याशी समदं बोलती. सकाळी म्हणाली, मावशे, दाढ ठणकतीया. काल म्हणाली, त्या जोकराचं त्वांड बगू नगंसं वाटतंय. तुमच्याबद्दल बी म्हणाली."

"माझ्याबद्दल? तिने मला कधी पाहिलंय?"

"म्हणाली, बाई डाक्तर हाय तर तीच बगंल."

मी कपाळाला हात लावला. एखाद्या जनावरावर जीव जडलेली माणसं मी पाहिली होती, पण एवढी चोख दुभाषी पाहिली नव्हती. मी तिला स्पष्ट सांगितलं की मी माणसांचे दात काढते. ही दहा बोटं माझं पोट आहेत, त्यांतलं एक जरी चंपाने तोडलं तर मी काय करू? हौसाबाईने डोळे पुसले. "आधी माजं बोट घालते तिच्या तोंडात," ती म्हणाली. "मग तर झालं?"

रात्री यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ नकोस." थोड्या वेळाने म्हणाले, "जाशील तेव्हा निदान जाड हातमोजे ने, वीजघरातले देतो." सकाळी मी त्यांचे रबरी मोजे पिशवीत घेऊन निघाले. ते घातले असते तर मला पकडसुद्धा धरता आली नसती, पण त्यांचं समाधान झालं.

तंबूमागे मालक भेटला. पांढरा कोट, मिशीला तूप. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "डॉक्टरबाई, आमच्या हौसाबाईच्या नादी लागू नका," तो म्हणाला. "ती रोज काही ना काही म्हणतेच. चंपा म्हणते पंखा लावा, चंपा म्हणते पगार वाढवा. आता किती ऐकायचं? सीधी बात आहे, जनावर माजलंय. हे बघा." त्याने पिंजऱ्यासमोर टाळी वाजवली. "चंपा, नमस्ते!"

चंपा कोपऱ्यात बसून होती. परकर चुरगळलेला. तिने मालकाकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"बघितलंत? माज!"

हौसाबाई लगेच म्हणाली, "ती म्हंती, नमस्कार करून करून जीव दमला माजा."

मला दोघांचाही राग आला. मालकाला ती काहीच बोलत नाही असं वाटत होतं, आणि हौसाबाईने तिच्या तोंडी इतकं घातलं होतं की त्यात तिचं स्वतःचं काही असलंच तर ते सापडायला जागा नव्हती. आता ही दाढेबद्दल खरं सांगत असेल, तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? मी दोघांना गप्प राहायला सांगितलं आणि एका बादलीवर बसून चंपाचे हात बघत राहिले. मला येत होतं ते तेवढंच.

खूप वेळ काही झालं नाही. मग चंपा गजांपाशी आली आणि तिने हौसाबाईकडे हात पुढे केला, तळवा वर. हौसाबाईने केळं दिलं. चंपाने ते उलट्या हाताने बाजूला सारलं आणि हात पुन्हा तसाच पुढे धरला. हौसाबाईने पाण्याचा डबा दिला, तोही सारला. शेवटी तिने हौसाबाईचं मनगटच धरलं, हात आत ओढला आणि त्याची बोटं आपल्या उजव्या गालावर टेकवली. हौसाबाई सवयीने गाल खाजवायला लागली. चंपा कळवळून ओरडली, हात ढकलला. आणि लगेच पुन्हा ओढून तिथेच आणला.

"लाड करून घेतीया," मालक म्हणाला. "दोन दिवस हेच चाललंय."

मला ते लाड वाटले नाहीत. माझ्या खुर्चीत हे रोज घडायचं. माणूस माझा हात ढकलतो, कारण तिथे दुखतं, आणि परत ओढतो, कारण तिथेच दुखतं.

"विदूषकाने काय केलं होतं, ती चावली तेव्हा?" मी विचारलं.

"काही नाही हो. नेहमीचंच. सायकलवरून उतरली की तो गालगुच्चा घेतो. पब्लिकला आवडतं."

"कुठल्या गालाचा?"

मालकाने हवेत गालगुच्चा घेऊन पाहिला, हात फिरवून पुन्हा पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. "उजव्या," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, "नमस्कार तुम्ही शिकवलाय. त्याचा अर्थ तिच्या लेखी एवढाच, की तो केला की खाऊ मिळतो. तिला आता खाऊ नको आहे, मग ती कशाला हात जोडेल? हा पुढे केलेला हात कुणी शिकवला तिला?"

"तो कशाला शिकवायचा? तो तिचा तिलाच येतो, आली तेव्हापासून."

"मग तोच खरा धरा," मी म्हटलं. शिकाऱ्याला येऊ नको असा निरोप त्याने लगेच धाडावा असं मला वाटत होतं, पण तो म्हणाला, आधी दात दाखवा. रास्त होतं.

हत्ती ज्यावर पाय ठेवायचा ते रंगीत पिंप उलटं करून खुर्ची केली. त्यावर आधी हौसाबाई बसली. मी चंपाच्या देखत तिच्या तोंडात आरसा घातला, दाताला टोचलं. हौसाबाईने डावा हात वर केला, मी तत्काळ मागे सरले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. हे आम्ही पुन्हा पुन्हा केलं. चंपा कधी हौसाबाईच्या हाताकडे, कधी माझ्याकडे बघत होती. मालकाची माणसं हसत होती, मलाही स्वतःचं थोडं हसू येत होतं. पण गार्डसाहेबांना नियम नीट समजावला नव्हता, फक्त ऐकवला होता, याची रुखरुख माझ्या मनात होती. या वेळी तसं व्हायला नको होतं.

मग हौसाबाईने पिंजरा उघडला आणि चंपा येऊन तिच्या मांडीवर बसली. पहिल्यांदा तिने माझा आरसाच काढून घेतला, त्यात एका डोळ्याने पाहिलं, वास घेतला आणि परत केला. तोंड मात्र सहज उघडलं. आत दुधाची एक दाढ चहा-पेढ्यांनी पोखरून काळी पडलेली, बाजूला हिरडी टम्म फुगलेली. दाढ हलत होती. खालून नवा दात यायच्या बेतात होता. शाळकरी मुलांच्या तोंडात हे मी इतक्यांदा पाहिलं होतं, की क्षणभर मी कुठे बसलेय ते विसरून "गोड बंद करा हं हिचं," असं म्हणून गेले.

सुई टोचायची माझी छाती झाली नाही. काचेची पिचकारी तिने दाताखाली धरली असती तर सगळंच संपलं असतं. बधिर करायच्या औषधात भिजवलेला कापूस मी हिरडीवर धरून ठेवला. ती लाळ गाळत बसून राहिली. मग पकड हातात घेतली, दाढेला लावली आणि जरा हलवली.

चंपाचा हात वर गेला.

डावा होता. सरळ, डोक्याच्या वर. तोंडातून आवाज नाही. माझ्या पकडीत दाढ आलेली होती. मागून मालक ओरडला, "ओढा, बाई, ओढा आता!" दोन गडी तिचे हात धरायला पुढे झाले. मी जन्मात कुणावर ओरडले नसेन एवढी त्या गड्यांवर ओरडले. पकड सोडली, मागे सरले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पुन्हा ती तोंड उघडू देईल की नाही, काही भरवसा नव्हता. आणि संध्याकाळी शिकारी येणार हे मला ठाऊक होतं.

हौसाबाई काही बोलायला गेली. मी बोट ओठांवर ठेवलं.

चंपा माझ्याकडे बघत राहिली. हात हळूहळू खाली आला. मग तो लांब, काळा, सुरकुतलेला हात माझ्या मांडीपर्यंत आला, त्याने माझं मनगट धरलं आणि आपल्या तोंडाकडे नेलं. जोर मोठा होता, पण ओढ हलकी होती. तिने तोंड उघडलं. मी पकड लावली आणि एका हिसक्यात दाढ काढली.

ती किंचाळली, मी दवाखान्यातून आणलेलं तस्त उडवलं, माझ्या खांद्यावरून उडी मारून तंबूच्या खांबावर चढली आणि वर बसून रक्त थुंकत आम्हा सगळ्यांचा उद्धार करत राहिली. हौसाबाईने त्याचं भाषांतर केलं नाही, आणि ते बरंच केलं. थोड्या वेळाने ती खाली उतरली. माझ्या हातातली दाढ घेऊन तिने हुंगली, हौसाबाईच्या हातावर ठेवली, आणि तिथेच तिच्या कुशीत झोपली. मी त्यानंतर दवाखान्यात शेकड्याने दाढा काढल्या, पण त्या दिवशीइतका आनंद मला परत झाला नाही. मी सरळ रडले, सगळ्यांसमोर.

संध्याकाळी शिकारी आला तेव्हा चंपा दूध-भात खात होती. मालकाने त्याला चहा पाजला. चहा पिताना त्याने एक डोळा मिटला, ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो बंदुकीशिवाय माझ्या दवाखान्यात आला आणि मी दाढेला हात लावायच्या आधीच त्याने डावा हात वर केला.

आता थोडं त्या हाताबद्दल. माझी भाची प्राध्यापक आहे. परवा तिने मला एक लेख वाचून दाखवला. वानरांचे हातवारे आणि माणसाची भाषा यांची तुलना करणारी विद्वान मंडळी जंगलात जाऊन बसतात म्हणे, कुठला हात कशासाठी पुढे येतो ते बघतात, समोरच्याने ऐकलं नाही तर वानर पुन्हा तोच हात करतं की दुसरा, हेही बघतात. भाची म्हणाली, "आत्या, चिंपांझी हात वर करतात ते मुळातलंच असतं. तू शिकवलंस म्हणून केला असं नाही." असेल बुवा. मी काही छातीठोकपणे सांगत नाही. तिने डावा हात माझ्या नियमाने वर केला की तिच्या स्वतःच्या, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नाही. मला इतकंच माहीत आहे की हात वर झाला, मी थांबले, आणि मी थांबल्यावर तिने मला परत बोलावलं. मालकाचे गडी तिला धरते, तर तो हात नुसता हवेत गेलेला हात राहिला असता. आमच्या धंद्यापुरतं बोलायचं तर बोलणारा जितका लागतो, तितकाच थांबणारा लागतो. हे मी भाचीला सांगितलं, तेव्हा तिने ते कुठेतरी टिपून घेतलं.

एका गोष्टीची खंत मात्र आहे. मी तिची दाढ काढली, पण पिंजरा तसाच राहिला. तेव्हा मला तो पिंजरा खटकलासुद्धा नाही. सर्कसमध्ये पिंजरा असायचाच, इतकंच मनात होतं. आज तिने पुढे केलेला हात आठवला की वाटतं, दाढेशिवाय आणखी काही ती मागत असेल, तर ते मी वाचलं नाही.

दोन हिवाळ्यांनी तीच सर्कस ठाण्याला आली. आम्ही दोघं गेलो. चंपा चांगली वाढली होती. परकर गेला होता, कारण तो आता मावत नव्हता. सायकल चालवून झाल्यावर विदूषक पुढे आला आणि त्याने स्वतःच्याच गालाचा गालगुच्चा घेतला. लोक तितकेच हसले. चंपाने वाकून नमस्कार केला आणि तिला केळं मिळालं, पेढा नाही.

खेळानंतर मागे गेलो. हौसाबाईने मला मिठीच मारली आणि लगेच आपलं काम सुरू केलं. "चंपी म्हंती, डाक्तरीणबाई वाळल्या. म्हंती, सायब मातूर गुटगुटीत झाले." यजमान खूश झाले.

चंपा गजांपाशी बसली होती. मला तिने ओळखलं की नाही, कळेना. बराच वेळ नुसती बघत होती. मग तिने हात बाहेर काढला, तळवा वर. मी माझा हात दिला. तिने मनगट धरलं, आत नेलं, स्वतःचं तोंड उघडलं आणि माझं बोट उजव्या बाजूच्या एका दातावर टेकवून धरलं.

मी घाबरले. पुन्हा पोखरला की काय? यजमानांना बॅटरी धरायला लावून नीट पाहिलं. त्याच जागी नवा दात आला होता. पांढरा, घट्ट, कुठेही कीड नाही. हिरडी गुलाबी, सूज नाही. मी तो दाबून पाहिला, नखाने ठोकून पाहिला. ती हलली नाही, कळवळली नाही, हात वर केला नाही. तिथे काहीही दुखत नव्हतं. दुखत होतं ते दोन वर्षांपूर्वी. आणि हात फक्त आत्ताचं सांगतात, असं इतकी वर्षं ठामपणे म्हणणारी मी, तिच्या तोंडात बोट घालून तशीच उभी राहिले.

"हौसाबाई," मी कशीबशी म्हणाले, "काय म्हणतेय ती?"

हौसाबाईने पदराने डोळे पुसले.

"मला काय इचारता?" ती म्हणाली. "तुमच्यासंगं बोलतीया ती."